डबा की रेणू?

माझा धाकटा भाऊ शरद बार्शीला लाकडी घाणा चालवतो. शेंगदाणा, करडई, तीळ आणि मागणी असली तर जवस. माझी बायको सुनंदा पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली तरी शिकवणं काही थांबलेलं नाही. शरदचं म्हणणं असं, की माणूस तेल खातो, रेणू खात नाही. डबा उघडून वास घेतला की कळायचं ते कळतं. सुनंदाच्या मते रेणूचा आकार बघितल्याशिवाय तेलाबद्दल बोलणं म्हणजे नुसत्या बाजारगप्पा. दिवाळीत दोघांची गाठ पडली की फराळाच्या ताटावरच जुंपते. या खेपेला मी वही घेऊन बसलो. मध्ये मध्ये मला राहवलं नाही, ते कंसात आहे.

शरद : वहिनी, परवा पुस्तक चाळलं तुमचं. तूप लिपिड, मेण लिपिड, कोलेस्टेरॉल लिपिड, ड जीवनसत्त्व तेही लिपिड. ह्यातलं कुणी कुणासारखं दिसत नाही. मग ही सगळी एका पंगतीला बसवली कुणी?

सुनंदा : पाण्यानं. प्रथिनांचं तसं नाही. प्रथिन म्हटलं की अमिनो आम्लांची साखळी, ठरलेलं. लिपिडांना एक ठरावीक साचा नाही. पाण्यात विरघळत नाहीत आणि ईथर-क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळतात, एवढ्यावरच त्यांची गणना होते.

शरद : म्हणजे कोण आहेत यावरून नाही, कुणाशी पटत नाही यावरून ओळख. ही कसली व्याख्या?

सुनंदा : ढिली आहे, मान्य. पण पेशीच्या आत पाणी, बाहेर पाणी. अशा ठिकाणी पाण्याशी फटकून राहणारा पदार्थच आडोसा करू शकतो, साठा कोरडा ठेवू शकतो. त्या एका स्वभावातून बाकीची कामं निघतात. तुमच्या डब्यापासूनच सुरू करू. तेलात काय असतं, सांगा.

शरद : तेल.

सुनंदा : मिशेल-यूजीन शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. त्यानं साबणावर आम्लाची क्रिया करून मेदाम्लं वेगळी काढली आणि १८२३ साली ग्रंथच लिहिला. तेल, तूप, चरबी सगळ्यांची मांडणी एकच निघाली : ग्लिसरॉलचा छोटा रेणू, त्यावर तीन जागा, प्रत्येक जागी मेदाम्लाची एक लांब साखळी. हे ट्रायग्लिसराइड. तुमच्या घाण्यातलं तेल, रिफाइंड तेल आणि गाईचं तूप, तिन्हीत बहुतेक भाग हाच.

(शेव्रल १०२ वर्षं जगला. चरबीचा अभ्यास त्याला मानवला असावा.)

शरद : मग खोबरेल थंडीत दगड होतं आणि करडई होत नाही, ते का? मांडणी एकच ना?

सुनंदा : साखळ्या वेगळ्या. स्टिअरिक आम्लात १८ कार्बन, सगळे एकेरी बंधांनी जोडलेले, साखळी सरळ. ते साधारण ६९ अंशांना वितळतं. ओलेइक आम्लातही १८ कार्बनच, पण मधोमध एक दुहेरी बंध, आणि तिथे साखळी वाकते. वितळण्याचा अंक घसरून १३ अंशांवर येतो. लिनोलेइकमध्ये असे दोन बाक. ते शून्याच्या खाली पाच अंशांपर्यंत पातळच राहतं.

शरद : कडब्याची गंजी. सरळ धाटं रचली तर घट्ट बसते, वाकडी आली की मध्ये पोकळी राहते.

सुनंदा : वर्गात मला कधी सुचलं नाही असं उदाहरण. तर करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक, म्हणून ते गोठायचं नाव काढत नाही. खोबरेलात जवळजवळ सगळ्या साखळ्या सरळ, पण आखूड, निम्म्याच्या आसपास १२ कार्बनवाल्या. म्हणून २४-२५ अंशांच्या खाली आलं की गोठतं. कोकमाच्या बियांचं तेल बघा. कोकणातल्या उकाड्यातसुद्धा गोळा गोळाच राहतं आणि टाचेच्या भेगेत चोळलं की पाघळतं, कारण त्यात स्टिअरिक भरपूर.

शरद : आणि खवट होण्याचं? करडई लवकर खवटते, जवस त्याहून लवकर.

सुनंदा : हवेतला प्राणवायू दुहेरी बंधांच्या शेजारीच हल्ला करतो. जवसात निम्म्याहून अधिक साखळ्यांना तीन तीन दुहेरी बंध. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतात ते मुरतं आणि वाळून कडक होतं, तीही हीच क्रिया.

शरद : आपल्या बाबांना एकही बंध माहीत नव्हता. पण जवस गाळलं की फार दिवस ठेवायचं नाही आणि करडईचा डबा उन्हात ठेवायचा नाही, हे ठाऊक होतं. तुमचं शास्त्र नंतर आलं.

सुनंदा : नंतरच येतं. बाबांना काय करायचं ते माहीत होतं. का करायचं ते कळलं, की बाबांनी कधी न पाहिलेल्या तेलाबद्दलही सांगता येतं.

(इथे चहा आला. शरदनं चकली मोडली आणि आता आपल्या मैदानावर खेळायचं ठरवलं.)

शरद : काहीही म्हणा, स्निग्ध पदार्थाचं मुख्य काम ताकद देणं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, पैलवानाला तूप. बाकीचं सगळं नंतर.

सुनंदा : ताकदीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून चार किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम मेदातून नऊ. शिवाय स्नायूत आणि यकृतात पिष्ट साठतं ते ग्लायकोजेनच्या रूपात आणि आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी बरोबर घेऊन. मेद कोरडा साठतो. हिशेब केला तर तेवढ्याच वजनात सहापटीहून जास्त ऊर्जा. नागालँड-मणिपूरमधून निघालेले अमूर ससाणे महाराष्ट्रावरून जाऊन अरबी समुद्र एका दमात ओलांडतात आणि आफ्रिका गाठतात. कबुतराहून लहान पक्षी. निघण्यापूर्वी पंख फुटलेली वाळवी खाऊन खाऊन मेद साठवतात. तेवढी ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये भरली असती तर जमिनीवरून उठलेच नसते.

शरद : झालं तर मग.

सुनंदा : नाही झालं. तुमच्या डब्याच्या तळाशी गाळ बसतो, गिऱ्हाईक तक्रार करतं?

शरद : रोज. रिफाइंडची सवय झालेल्यांना तेल आरशासारखं हवं असतं.

सुनंदा : त्या गाळात पेंडीचा चुरा असतो, तसे फॉस्फोलिपिडही असतात. कारखान्यात तेल शुद्ध करताना पहिल्याच पायऱ्यांवर ते काढून टाकतात. आणि माझ्या लेखी डब्यातला सगळ्यात थोर पदार्थ तो. ग्लिसरॉलच्या तीन जागांपैकी दोन जागी साखळ्या, तिसऱ्या जागी फॉस्फेटचं टोक. त्या टोकाला पाणी आवडतं, साखळ्यांना आवडत नाही. असे रेणू पाण्यात सोडले की कुणी न सांगता दोन थरांत उभे राहतात : टोकं बाहेर पाण्याकडे, साखळ्या आत एकमेकींकडे. जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाच्या आसपास. शेंगदाण्याच्या, तुमच्या, माझ्या, जंतूच्याही पेशीभोवती हीच भिंत आहे. खाणं बंद झालं तरी माणूस साठ्यावर काही आठवडे तगतो. ही भिंत फुटली तर पेशी त्याच क्षणी संपली.

शरद : दोनच थर असतात हे बघितलं कुणी?

सुनंदा : बघितलं नाही, मोजलं. १९२५ साली हॉलंडमध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद अ‍ॅसिटोननं काढला आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर करून पसरला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पेशीभोवती दोन थर. पुढे कळलं की अ‍ॅसिटोननं सगळा मेद निघाला नव्हता आणि त्यांनी पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं.

शरद : म्हणजे?

सुनंदा : दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं.

शरद : आणि तुम्ही आम्हाला अंदाजानं चालणारे म्हणता!

(शरद बराच वेळ हसत होता. मला मात्र हा प्रयोग फार आवडतो. एक पसरट भांडं, पाणी आणि थोडं रक्त, एवढ्यावर त्या दोघांनी जीवसृष्टीची हद्द आखली. निष्कर्ष पुढच्या अनेक पद्धतींनी ताडून पाहिला गेला आणि टिकला, हे शरदला सांगायचं राहिलं.)

सुनंदा : हसा. पण ती भिंत घट्ट नाही, हे पुढचं. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलं की हा दुहेरी थर प्रवाही आहे आणि प्रथिनं त्यात तरंगत असतात. फार पातळ झाला तर गळेल, फार घट्ट झाला तर प्रथिनांना हालचाल करता येणार नाही. थंड पाण्यातले मासे आपल्या पेशीपटलात वाकड्या साखळ्या वाढवतात, म्हणजे ते थिजत नाही. आणि आपल्या शरीरात हे तोलायचं काम कोण करतं? ज्याचं नाव तुम्ही दुकानावर लावून हाकललंय ते.

शरद : कोण?

सुनंदा : ‘कोलेस्टेरॉलमुक्त शेंगदाणा तेल’. वाचली मी पाटी.

शरद : सगळेच लिहितात. आणि खोटं काय त्यात?

सुनंदा : खोटं नाही, फुकट आहे. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांचा पदार्थ. वनस्पतीत ते नगण्य, त्यांचे स्टेरॉल वेगळे. शेंगदाण्यात जे मुळात नव्हतंच ते काढल्याचं श्रेय कसलं घेताय?

शरद : पण ते वाईट तर आहेच ना? डॉक्टर उगाच रक्त तपासतात का?

सुनंदा : रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एलडीएल वाढलं की ते धमन्यांच्या भिंतीत साठतं आणि हृदयाला धोका होतो, हे पक्कं आहे. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल कोलेस्टेरॉलच्याच नियमनावरच्या कामासाठी मिळालं. पण तोच रेणू पेशीपटलात नसता तर आपल्या पेशी टिकल्या नसत्या. त्यात साखळी मुख्य नाही. एकमेकांना चिकटलेली चार कडी आहेत, सपाट आणि ताठ. फॉस्फोलिपिडांच्या मध्ये घुसून ते थर सावरून धरतं. त्याच कड्यांत थोडा फेरफार झाला की पित्तातली आम्लं होतात, कॉर्टिसॉल होतं, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन होतं. त्वचेत त्याच्याच एका पूर्वरूपावर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व. चार कड्यांचा सांगाडा एकच, बाजूचे एखाददोन अणू बदलले की काम बदललं.

शरद : एखाददोन अणूंनी एवढं काय होतं?

सुनंदा : २०२१ चा उन्हाळा आठवतोय? काळी बुरशी?

(आठवतो. म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात सगळीकडे होते, आणि बार्शी-सोलापूरपासून पुण्यापर्यंत लोक एका इंजेक्शनसाठी फोन फिरवत होते.)

सुनंदा : अ‍ॅम्फोटेरिसिन बी. बुरशीच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल नसतं, त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. सांगाडा तोच, दुहेरी बंध थोडे जास्त. औषध एर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि बुरशीचं पटल निकामी होतं. आपल्या कोलेस्टेरॉललाही ते चिकटतं, पण कमी. त्या कमी-जास्तीतल्या फरकावर माणूस वाचतो. फरक फार मोठा नाही म्हणून साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला जाच करतं. मग लोकांना हवं होतं ते कोणतं?

शरद : लायपोसोमल. औषधवाल्यांकडे सगळे तेच मागत होते.

सुनंदा : लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थराची अतिसूक्ष्म पिशवी. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅमनं दाखवलं की फॉस्फोलिपिड पाण्यात ढवळले की आपोआप अशा पिशव्या होतात. औषध त्या पिशवीच्या भिंतीत बसवलं की मूत्रपिंडाचा जाच बराच कमी होतो. आणि त्या भिंतीला ताठपणा यावा म्हणून तिच्यात काय घातलेलं असतं?

शरद : सांगू नका. कोलेस्टेरॉल.

सुनंदा : कोलेस्टेरॉल.

(शरद थोडा वेळ गप्प राहिला. मला वाटलं वाद संपला. पण घाणेवाल्याला गाळपाची घाई नसते.)

शरद : बरं. आता माझं ऐका. रेणू बघा, रेणू बघा म्हणता. वनस्पती तूप कुणी आणलं? घाणेवाल्यांनी?

सुनंदा : विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पातळ तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याची युक्ती त्यानं काढली.

शरद : आणि आपल्याकडे १९३०च्या दशकात शिवडीला कारखाना निघाला, १९३७ ला डालडा आला. तुपासारखं रवाळ दिसायचं, निम्म्या भावात, खवटही होत नव्हतं. लग्नांच्या पंगतीच्या पंगती त्यावर उठल्या. साजूक तुपात भेसळ होऊ लागली तेव्हा सरकारनं वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली, कारण तीळ असला की प्रयोगशाळेत लाल रंग येतो आणि चोरी पकडता येते. म्हणजे शिक्षित मंडळींच्या त्या तुपावर पहारा ठेवायला शेवटी माझा तीळच लागला! आणि नंतर तुम्हीच सांगितलंत की त्यात ट्रान्स फॅट आहे, ते घातक आहे.

सुनंदा : १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी माणसांवरच्या प्रयोगात दाखवलं : ट्रान्स मेदाम्लांनी एलडीएल वाढतं आणि चांगलं एचडीएल घटतं. दोन्हीकडून नुकसान. आपल्याकडे २०२२ पासून औद्योगिक ट्रान्स फॅटवर तेला-तुपात दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

शरद : म्हणजे पन्नास-साठ वर्षं खाऊ घातल्यावर कळलं. रेणू बघणाऱ्यांनीच बनवलं होतं ना ते?

सुनंदा : त्यांनी दुहेरी बंध किती उरले ते मोजलं. उरलेल्या बंधाची बाजू बघितली नाही. अर्धवट हायड्रोजन दिला की काही दुहेरी बंध तसेच राहतात, पण पलटतात. नैसर्गिक तेलात बंधाच्या जागी साखळी वाकते. पलटलेल्या बंधात ती जवळजवळ सरळ होते. ओलेइक १३ अंशांना वितळतं, त्याचं पलटलेलं रूप एलाइडिक ४५ अंशांना. कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, बंध तेवढेच. फक्त बाजू बदलली. आकार नीट न बघितल्याचा हा परिणाम, भावजी. जास्त बघितल्याचा नाही.

शरद : हेच म्हणतोय मी. त्यांनाही वाटत होतं की आपण पुरतं बघतोय. आज तुम्ही जे बघत नाही आहात, ते कशावरून नाही?

सुनंदा : कशावरूनच नाही.

(ती एवढंच बोलली. संध्याकाळभरात शरदनं मारलेला हाच खरा टोला, आणि माझ्या मते तो बिनतोड आहे. ज्या पदार्थाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराची साक्ष नाही त्याच्याबद्दल हात राखून बोलावं, हे शहाणपण घाण्यावरचं असलं तरी प्रयोगशाळेत चालण्यासारखं आहे.)

सुनंदा : पण उलट्या बाजूचंही ऐका. पामतेलाला तुम्ही नावं ठेवता.

शरद : भेसळीचा बादशहा. ठेवणारच.

सुनंदा : त्यात पामिटिक आम्ल पुष्कळ. १६ कार्बन, संपृक्त, सरळ. खाण्यात जास्त नको, खरं. पण आपल्या फुफ्फुसांतल्या वायुकोशांना आतून एक पातळ थर असतो, आणि त्यातला मुख्य फॉस्फोलिपिड दोन पामिटिक साखळ्यांचा. श्वास सोडताना वायुकोश आक्रसतात, पाण्याचा ताण त्यांना मिटवू पाहतो. त्या क्षणी या सरळ साखळ्या दाटून उभ्या राहतात आणि कोश मिटू देत नाहीत. वाकड्या साखळ्यांना ते जमणार नाही. गर्भात हा थर शेवटच्या आठवड्यांत पुरेसा होतो. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासाला तडफडतात ती याच्या अभावी. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत गेला. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी हा स्निग्ध थर बाहेरून बाळांच्या फुफ्फुसांत सोडला आणि ती तगली. आज नवजात अतिदक्षता विभागात ते औषध असतं. आता सांगा, संपृक्त मेद चांगला की वाईट?

शरद : कुठे आहे त्यावर.

सुनंदा : हेच मला तुमच्या तोंडून हवं होतं.

शरद : पण वहिनी, गिऱ्हाईक मला फुफ्फुसाचं विचारत नाही. ते विचारतं, ‘कोणतं तेल देऊ घरात?’ त्याला मी रेणू दाखवू?

सुनंदा : दाखवू नका. पण एकाच तेलावर कायमचं बांधूनही ठेवू नका. १९२९ मध्ये बर दांपत्यानं उंदरांना मेदाशिवाय वाढवलं. उष्मांक भरपूर होते, तरी त्यांची वाढ खुंटली, शेपटीला खवले आले. लिनोलेइक दिल्यावर सुधारले. ते आम्ल आपलं शरीर बनवू शकत नाही. जवसातलं लिनोलेनिकही नाही. करडईत पहिलं भरपूर आणि दुसरं जवळजवळ शून्य. जवसात दुसरं भरपूर. शेंगदाण्यात ओलेइक जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थाही एकच एक तेल न वापरता मिसळून-बदलून वापरायला सांगते.

शरद : यात माझा धंदा वाढतो, म्हणून मी वाद घालत नाही. जवसाची चटणी चालेल ना? लोक तेल घेत नाहीत, चटणी खातात.

सुनंदा : चालेल काय, उत्तम. फोडणीत जाळण्यापेक्षा बरी.

(एका गोष्टीवर मात्र दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं, आणि ती वाचकांच्या कामाची आहे म्हणून शेवटी देतो. चकल्या तळून उरलेलं काळं तेल शरदनं कढईत बघितलं आणि विचारलं, ‘याचं काय करणार?’)

सुनंदा : टाकणार. वारंवार तापलं की साखळ्या ग्लिसरॉलपासून सुटतात, दुहेरी बंधांवर प्राणवायू चढतो, तुकडे होतात. त्या तुकड्यांना पाण्याशी जुळवून घेणारी टोकं फुटतात, त्यांना ध्रुवीय संयुगं म्हणतात.

शरद : आमच्या भाषेत तेल मेलं. फेस धरायला लागतं, धूर लवकर येतो. वडापाववाले तरी त्यातच नवीन ओततात.

सुनंदा : तुमचा फेस आणि माझी ध्रुवीय संयुगं एकच सांगतात.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे : तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. घरी मोजायला यंत्र नसतं. तेल काळवंडलं, फेसाळलं, नेहमीपेक्षा लवकर धूर सोडू लागलं की ते टाका. त्यात नवीन तेल ओतून ते सुधारत नाही.